तिथी बघून मेळावा

आमच्या दहावीच्या वर्गाचा स्नेहमेळावा ठरला आणि पहिलं भांडण झालं ते तारखेवरून. गाव मालवण, दहावीचं वर्ष १९९१. मुंबई-ठाण्याकडच्यांना मे महिना हवा होता, कारण मुलांना सुट्टी. पुणेकरांना गणपतीला जोडून हवा होता, म्हणजे रजा एकदाच टाकायची. गावात राहिलेल्यांना यातलं काहीच चालणार नव्हतं. एकाची खानावळ आहे, दुसऱ्याची होडी सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाते, एकीच्या घरी पर्यटकांसाठी खोल्या आहेत. मे महिना म्हणजे त्यांचा हंगाम. त्या दिवसांत वर्गमित्रांना मिठ्या मारत बसायला सवड कुणाला? गणपतीत घरोघरी पाहुणे. जून-जुलैत मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्या बंद आणि पाऊस तर विचारूच नका. शेवटी ट्रॉलरवर तांडेल असलेला एकजण म्हणाला, त्रिपुरी पौर्णिमेच्या नंतरचा शनिवार-रविवार धरा. का, म्हणून विचारलं तर त्याचं उत्तर एवढंच: "द्वितीयेची ओहोटी सकाळची गावतली."

डोंबिवलीत इतकी वर्षं काढल्यावर माझ्याही डोक्यातून हा हिशेब गेला होता. आमच्या किनाऱ्यावर तो अजून चालतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. उत्तर येईल तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. द्वितीया म्हणजे दोन, पाऊणपट दीड. भरतीच्या सहा-सव्वासहा तास आधी आणि तितकाच वेळ नंतर ओहोटी. म्हणजे द्वितीयेला सकाळी सव्वासातच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, तेव्हा भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटीही खाली उतरते. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगड किल्ल्याला पायी जायचं तर उधाणाची ओहोटी लागते, आणि ती उजेडात लागते. शनिवार-रविवार आणि द्वितीया यांची गाठ दर महिन्याला पडत नाही. तांडेलाचं म्हणणं सगळ्यांनी मुकाट मान्य केलं.

मग आली यादी. मुलगे आठवड्याभरात सापडले. मुलींना शोधायला मात्र महिने गेले, कारण लग्नानंतर आमची आडनावं बदलली आणि काहींची पहिली नावंही. फोनवर नाव टाकून शोधणाऱ्या मुलग्यांना त्या कशा सापडाव्यात? आम्ही चौघीजणींनी वेगळी वाट धरली. प्रत्येकीच्या माहेरच्या वाडीत निरोप पोचवला. मेढा, देऊळवाडा, धुरीवाडा, वायरी, रेवतळे. कुठे भावजय भेटली, कुठे शेजारीण, कुठे बचत गटातली मैत्रीण. माहेर बंद पडलं असलं तरी देवळातल्या कुणाला तरी लेक कुठे दिली ते ठाऊक असतं.

आणखी एक गोष्ट यादी करतानाच कळली. दहावीच्या यादीत न येणारे बरेच होते. आठवीपर्यंत बाकावर शेजारी बसलेली, आणि मग वडिलांच्या होडीवर किंवा मुंबईच्या एखाद्या खानावळीत कामाला लागलेली मुलं. त्यांच्याकडे गुणपत्रिका नाही म्हणून त्यांनी वर्गमित्र असू नये? यावर थोडी कुरकुर झाली. पण गावातल्यांनी सांगून टाकलं की ते येणार नसतील तर आम्हीही येत नाही. पुढे सगळ्यात जास्त गजाली त्यांच्याच रंगल्या.

कोकण रेल्वे १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी पूर्ण मार्गावर धावू लागली, पण मालवणला ती येत नाही. कुडाळला उतरायचं आणि पुढे एसटी किंवा रिक्षा. आमच्या आईवडिलांच्या पिढीने मुंबईहून बोटीचा प्रवास केला, आमच्या पिढीने रात्रभर एसटीत माना टाकल्या. आता मुलं विमानाचं विचारतात, कारण चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला. मी मात्र सांगेन, कुडाळहूनच या. नेरूरपार, काळसे, धामापूर, चौके असा हा रस्ता गावाकडे हळूहळू नेतो, आणि धामापूरला उतरल्याशिवाय पुढे जाऊ नये. १५३० साली बांधलेला इथला तलाव २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत गेला. काठावर भगवतीचं देऊळ, तीन बाजूंना झाडीने भरलेले डोंगर. पाटी लागली, पर्यटक वाढले. पाणी तेच, गार आणि गडद. शाळेच्या सहली इथे येत. तेव्हा आम्हाला तलावापेक्षा डब्यातल्या घावन्यांत रस होता.

उतरले ते वर्गातल्याच एका मैत्रिणीकडे. तिचं न्याहारी-निवास आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि त्यानंतर तारकर्ली-देवबागपासून मालवणपर्यंत अशी कितीतरी घरं उभी राहिली: खाली घर, वर खोल्या, मागे माड. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा हिच्या छपराचे पत्रे उडाले, माड आडवे झाले, आणि दिवसचे दिवस वीज नव्हती. त्याच्या आधीचा हंगाम करोनाने खाल्ला होता. हे सगळं तिने चहा गाळता गाळता सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता.

पैशाची गोष्ट तिथेच निघाली. मी खोलीचे पैसे पुढे केले. ती चिडली. "पैशे कसले देतंस गो? घराकडचा माणूस तू!" हा प्रसंग प्रत्येक मेळाव्यात होतो आणि बहुतेक वेळा बाहेरून आलेला मनुष्य दोनदा आग्रह करून पाकीट खिशात घालतो. मला ते पटत नाही. शनिवार-रविवार तिच्या खोल्या भरल्या असत्या; आम्ही राहिलो म्हणून तिने गिऱ्हाईक परत पाठवलं. होडीवाल्या मित्राचंही तेच, खानावळवाल्याचंही तेच. शहरातून येणारे वीसजण "आपलाच आहे" म्हणून फुकट राहिले, फुकट जेवले, फुकट किल्ला बघून आले, तर त्या मैत्रीचा सगळा खर्च गावातल्या तिघाचौघांच्या अंगावर पडतो. आम्ही तोडगा काढला तो असा: प्रत्येकाने ठरलेली वर्गणी आधीच एका खात्यात भरायची आणि खोल्या, होड्या, जेवण यांची बिलं त्यातून पूर्ण दराने भागवायची. समोरासमोर पैसे देणं-घेणं उरलं नाही आणि रुसवेही टळले. घरून नेलेला खाऊ मात्र तिने दोन्ही हातांनी घेतला.

शुक्रवारी पौर्णिमा होती. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास आमच्याकडे जत्रांचा मोसम सुरू होतो, आणि जत्रा म्हटली की दशावतार. जवळच्या एका गावात प्रयोग होता. मध्यरात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारं हे नाटक लिहिलेल्या संवादांवर चालत नाही. आख्यान ठरलेलं असतं, पण बोलणं नटाने तिथल्या तिथे उभं करायचं. पायपेटी, मृदंग, झांज. बसायला एक बाकडं, आणि तेच सिंहासन. पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिका अशा की बायकांनी साडीची निरी बघून घ्यावी. मालवणी बोलीला व्यावसायिक रंगभूमीवर नेणारे मच्छिंद्र कांबळी इथल्याच रेवंडी गावचे, आणि १९८० मध्ये आलेल्या 'वस्त्रहरण' नाटकाची सगळी गंमत या गावच्या नाटकांतूनच वर आलेली. मेळाव्याच्या आदल्या रात्री दशावतार बघावा तो आणखी एका कारणासाठी. इतक्या वर्षांनी भेटलेल्या माणसांना सुरुवातीला बोलायला काही सुचत नाही. समोर राजा आणि राक्षस तलवारी परजत असताना शेजारी बसून खाजा खायचा असेल तर बोलावं लागतच नाही. बेसनाच्या काड्या, वर गूळ आणि आल्याचा लेप. पुडी संपेपर्यंत अवघडलेपण संपलेलं असतं.

शनिवारी मेळावा. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण सगळे मेळावे सारखेच असतात. दीपप्रज्वलन, दिवंगत शिक्षकांना आणि मित्रांना श्रद्धांजली, शाल-श्रीफळ, आणि मग ओळखी. ओळख करून देताना बाहेरचे हुद्दे सांगतात, गावातले वाडी सांगतात. ज्या बाई आम्हाला गणित शिकवायच्या त्या आल्या आणि त्यांनी कुणाचाही हुद्दा न विचारता प्रत्येकाला आईबापांबद्दल विचारलं. हॉल आम्ही दुपारपर्यंतच घेतला होता, हे फार बरं झालं. जेवण बचत गटातल्या बायकांनी केलं. वर्गातल्या मुलींनी पदर खोचून वाढायचं आणि मुलग्यांनी फोटो काढायचे, हा जुना शिरस्ता या वेळी मोडायचा असं ठरलं होतं आणि तो मोडला. शनिवार म्हणून बऱ्याचजणांचा शाकाहार. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी, आणि शेवटी नारळाच्या गोड रसात शिरवाळे. शिरवाळे शहरात कुणी घरी करत नाही, कारण साच्यातून तांदळाची उकड दाबायला दोन माणसं लागतात आणि दोघांच्याही दंडात जोर लागतो.

जे शिक्षक येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी दुपारनंतर तिघातिघांचे गट करून गेलो. म्हाताऱ्या माणसाच्या ओसरीवर वीसजणांनी एकदम चढू नये. त्यांना ओळखी लागत नाहीत आणि घरातल्यांची चहाची धावपळ होते. तिघे गेले तर गुरुजी बोलतात. आमच्या एका गुरुजींनी संस्कृतच्या तासाला नेहमी सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगितली: रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ मध्ये याच मालवणात जन्मले. तेव्हा आम्हाला वाटायचं, एवढं मोठं व्हायला पुण्याला जावं लागतं. आता गुरुजींच्या अंगणात बसल्यावर वाटलं, इथे राहून आयुष्यभर संस्कृत शिकवत राहणं हेही काही कमी नाही.

संध्याकाळी बंदरावर लिलाव. होड्या आणि ट्रॉलर परत आले की वाळूवर मासळीचे ढीग पडतात आणि बोली सुरू होते. बाहेरच्या माणसाला ती कळतही नाही इतक्या झपाट्याने ती संपते. बांगडे, पेडवे, तारली, मोरी, सुंगटं, आणि ज्याला मुंबई सुरमई म्हणते तो आमचा इसवण. दशावतारात शेजारी बसलेली मैत्रीण इथे वेगळीच होती. कमरेला ओचा, हातात पाटी, बोलीत आवाज असा की दोन व्यापारी मागे हटले. ती आठवीत शाळा सोडलेली. मासळी घेऊन ती बाजारात बसते. मला बघून म्हणाली, "बाय, बघतंस काय? उद्या जेवतलंस ते बांगडे हेच." इथे घासाघीस करायला जाऊ नये. भाव इथे उघड्यावर ठरतो, आणि बर्फात किती दिवस पडलेले मासे आपण शहरात काय दराने घेतो ते आठवावं.

लिलावाशेजारी उभं राहिलं की गावाचं खरं राजकारण कळतं. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिव्यांच्या झोतात होणारी मासेमारी केंद्राने २०१७ मध्ये बंद केली. तरी पारंपरिक मच्छीमार आणि ही यांत्रिक मासेमारी यांचं भांडण मिटलेलं नाही. आमच्या वर्गात दोन्हीकडची माणसं आहेत. मेळाव्यात ते शेजारी बसले होते, लिलावात वेगवेगळ्या टोकांना उभे होते. दोघांनाही मी विचारलं आणि दोघांनीही समुद्राकडे बोट दाखवून एकच सांगितलं, मासा कमी झालाय. कुणामुळे, यावर मात्र उत्तरं दोन होती.

रविवारी सकाळी सातला दांडीच्या किनाऱ्यावर जमलो. आधी मोरयाच्या धोंड्याला. कातळावर कोरलेला गणपती, चंद्र, सूर्य. सिंधुदुर्गाच्या बांधणीच्या मुहूर्ताची पूजा इथे झाली, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. आम्ही पोचलो तेव्हा पद्मगडाकडे जाणारी वाळूची पट्टी उघडी पडत होती. तांडेल पुढे, आम्ही मागे. काही ठिकाणी पाणी पोटरीपर्यंत, बाकी ओली वाळू. पद्मगड छोटा आहे, तटाचे अवशेष आणि आत एक देऊळ. पण तिथून सिंधुदुर्गाची तटबंदी ज्या कोनातून दिसते तशी होडीतून दिसत नाही. बहुतेक मुंबईकर हे पहिल्यांदाच बघत होते. मालवणात जन्मून शाळेत दहा वर्षं काढली तरी इकडे कुणी आणलं नव्हतं. पोरांनी ओहोटीत आत जाऊ नये म्हणून घरचे धाक घालत. तांडेलाने घड्याळ न बघता पाण्याकडे बघून सगळ्यांना उठवलं. "भरती कोणासाठी थांबणा नाय." एकट्यादुकट्याने, वाट माहीत असलेला माणूस बरोबर नसताना इथे जाऊ नये, हे आवर्जून सांगते.

तिथून होडीने सिंधुदुर्ग. कुरटे बेटावरचा हा किल्ला ४८ एकरांचा, आणि दरवाजा असा की होडी अगदी तटाखाली आली तरी तो कुठे आहे हे कळत नाही. आत शिवराजेश्वराचं मंदिर. राजाराम महाराजांनी बांधलेलं, आणि मूर्ती नेहमीच्या चित्रातल्या शिवाजी महाराजांपेक्षा वेगळी, बिनदाढीची. चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, भोवती खारं पाणी असताना. होडीवाला तासाभराची मुदत देतो आणि पर्यटक त्या तासात धावतपळत सगळं उरकतात. आमचा होडीवाला वर्गातलाच, त्यामुळे मुदत वाढली. तो वेळ आम्ही किल्ल्यावर राहणाऱ्या एका घराच्या पडवीत घालवला. मोजकीच कुटुंबं आता तिथे उरली आहेत. पावसाळ्यात होड्या बंद असताना किराणा, औषधं, आजारपण हे सगळं कसं निभावतं, हे त्या पडवीत ऐकायला मिळतं. तटबंदीची लांबी कुठेही वाचता येते.

दुपारी बांगडे आले. तिरफळ घातलेलं तिकलं, उकड्या तांदळाचा भात, वर सोलकढी. मासे पाठवणारी मैत्रीण बाजार आटपून जेवायला आली आणि तिच्यासाठी पंगत थांबली होती.

सोमवारी सकाळी परतीच्या आधी चिवल्यावर रापण लागली होती. होडी समुद्रात अर्धवर्तुळ घालून जाळं टाकते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडून माणसं ओढत जातात. आमच्यातले चारपाच दोराला लागले. शहरातल्या व्यायामशाळेत रोज जाणाऱ्याचे तळवे पहिल्या दहा मिनिटांत सोलवटले. दोर ओढणाऱ्याला मासे मिळतात हा रिवाज. आम्हालाही मूठमूठ पेडवे मिळाले. ते आम्ही शेजारच्या घरी तळायला दिले आणि खाऊन गाडी पकडली.

मेळाव्याचं म्हणाल तर माझं मत असं झालं आहे: हॉलमधला कार्यक्रम हे निमित्त, खरा मेळावा लिलावात, पडवीत आणि दोर ओढताना होतो, आणि त्यासाठी गावाच्या कामाच्या वेळेत गावात हजर असावं लागतं. तुमचं गाव मुरूड असो, हर्णै, रत्नागिरी, देवगड की वेंगुर्ला, तिथे मेळावा ठरवत असाल तर तारीख गावात राहिलेल्यांना ठरवू द्या. भरती-ओहोटी बघा. खोलीचे आणि होडीचे पैसे आगाऊ आणि पूर्ण भरा. हॉल अर्ध्या दिवसापुरताच घ्या. आणि निमंत्रणाची यादी करताना हजेरीपट पहिलीपासून काढा, दहावीपासून नको.